न जेवणारं गिऱ्हाईक

माझ्या खानावळीत रोज दुपारी न चुकता येऊन एक घासही न खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तवनाप्पा त्यांचं नाव. सगळी गल्ली आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणे.

आप्पा निपाणीकडच्या जैन घरातले. तिकडच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची बेळगावात वखार होती, तिच्यावर देखरेख करायला आले ते इथलेच झाले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. खासबागेत आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहत आणि हातानं करून खात. माझ्याकडं रविवारी मटण शिजायचं, कांदा-लसूण तर रोजचाच, तेव्हा त्यांनी इथं जेवायचा प्रश्नच नव्हता. तरी भर दुपारी डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा कोट, बगलेत छत्री अशी स्वारी यायची. दाराजवळच्या बाकावर बसायची. घरून आणलेलं गाळलेलं पाणी तांब्यातून प्यायची आणि जेवणाऱ्यांच्या ताटांकडं टक लावून बघायची.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "आप्पा, लोकांच्या घासाकडं असं बघू नये. काय पाहिजे तुमाला?"

"मला काय नको, आक्का. मी तयारी बघायालोय."

तयारी फुटबॉलची. खासबागेतल्या विणकामाच्या मागावरच्या पोरांनी एक संघ काढला होता, आणि आप्पांना त्या संघाचं वेड होतं. स्वतः त्यांनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण संघातले पाच जण माझ्याकडं जेवायचे, आणि खेळाडू कळतो तो ताटावर, मैदानावर नव्हे, असं आप्पांचं ठाम मत होतं.

हे पाचही जण गावाकडून मागावर कामाला आलेले. उचगावचा बाळू संघाचा गोली, म्हणजे गोल राखणारा. पाटावर बसला की त्याचा पहिला शब्द, "आक्का, मीठ!" भाकरी नंतर आली तरी चालेल. शिवा पुढं खेळायचा, त्याला शेवटी गुळाचा खडा लागायचा. राणबा आणि गणू हे खानापूरकडचे भाऊ. राणबा घरच्या तुपाची बाटली घेऊन यायचा आणि भावालाही थेंब द्यायचा नाही. गणू दूधभातावर खूश. मार्त्या चटणीत इतकं तेल ओतायचा की माझा जीव वरखाली व्हायचा. आप्पा हे सगळं बघत आणि मान हलवत.

"एवढं मीठ खाल्ल्यावर पाय जड हुत्यात रं, बाळू."

"गोलीला पळायचं नसतंय, आप्पा. हात हलकं हाईत माझं."

"तयारी न्हाय," आप्पा माझ्याकडं वळून म्हणत.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तंबाखूचं पान दोन बोटांत चुरून ते तयार झालंय की नाही हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. तीच दोन बोटं ते पोरांच्या पोटऱ्यांवर चालवत. "ह्यो अजून ओला हाय." "ह्यो लई वाळला, वाकवला की मोडंल." झालंय बरोबर, असं त्यांनी कुणाला म्हटल्याचं मी ऐकलं नाही. आणि हे खेळापुरतंच नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवात उभं राहून त्यांनी नवरदेवाला खालून वर न्याहाळलं आणि माझ्या कानाशी येऊन तेच वाक्य म्हटलं. मी त्यांना ताबडतोब अक्षता वाटायच्या कामाला लावलं.

त्यातही एक बारकावा होता, तो आम्हाला हळूहळू कळला. आप्पा मराठीत "न्हाय" म्हणाले, तर थोडी आशा ठेवायला हरकत नसे. पण कन्नडात "इल्ला" म्हणाले की विषय संपला. वखारीतल्या ज्या गठ्ठ्याला आप्पा "इल्ला" म्हणत, तो उकिरड्यावरच जायचा.

लढाई सुरू झाल्यानंतरचा एक पावसाळा. फुटबॉलचे सामने पावसाळ्यातच व्हायचे, कॅम्पातल्या मैदानावर. आमचा संघ दरवर्षी लवकर हरून घरी यायचा, तो त्या वर्षी सेमीफायनलला पोचला. समोर गोऱ्या पलटणीचा संघ. त्यांच्या पायांत बूट, आमची पोरं अनवाणी.

सामन्याच्या आदल्या दिवशी आप्पांनी पंगतीतच तपासणी काढली.

"शिवा, नखं दाव पायाची."

"आप्पा, तुमी काय पोरगी बघायला आलाय व्हय?"

"दाव म्हणतो न्हवं! ही नखं? चिखलात उपटून निघतील. आन् डावा गुडघा का धरून बसलायस?"

"धरला न्हाय, खाजवालोय."

मग त्यांची नजर बाळूच्या ताटाकडं गेली. ताटात अख्खी भाकरी तशीच.

"भाकरी का सोडलीस रं?"

"आत्याकडं जेवून आलोय, आप्पा."

"आत्या! सेमीफायनलच्या टायमाला आत्या!" आप्पा उठून उभे राहिले. मग छत्री उचलली आणि म्हणाले, "इल्ला."

पंगतीत कुणी पुढचा घास घेईना. शेवटी मीच ओरडले, "जेवा रं! आमटी निवालीय."

सामन्याला बायका जात नसत. मी गेले. पोरं माझ्या भाकरीवर खेळत होती, तेव्हा काय होतंय ते बघायला नको? आप्पा माझ्याआधीच कडेला छत्री उघडून उभे होते. सूर्य मावळल्यावर ते जेवत नसत, आणि सामना संपून घरी पोचेपर्यंत दिवस मावळायचा, म्हणून सामन्याच्या दिवशी त्यांना रात्रीचा उपासच घडायचा. आभाळ भरलेलं असलं की सूर्य दिसत नसे. अशा वेळी तो मावळलाच, असं ते धरून चालायचे.

त्या दिवशी आपली पोरं जिंकली. शिवानं चिखलातून घसरत गोल केला. शेवटी शेवटी एक आडदांड गोरा एकटाच बाळूच्या अंगावर धावून आला, तसा बाळूनं त्याच्या बुटांवर झेप टाकली आणि चेंडू छातीशी आवळून तिथंच पडून राहिला. भुवई फुटली, पण चेंडू सुटला नाही. लोक मैदानात घुसून नाचायला लागले. मी आप्पांकडं पाहिलं. ते छत्री मिटत होते.

"आता तरी बोला, आप्पा. जिंकली की पोरं!"

"जिंकली," ते म्हणाले. "फायनलला तयारी न्हाय."

पण मराठीत म्हणाले, हे माझ्या ध्यानात आलं.

फायनल काही झाली नाही. म्हणजे झाली, पण आमच्या पोरांशिवाय. लढाईमुळं सूत येईना, खासबागेतले माग आधीच एकेक करून बंद पडत चालले होते, ते आता सगळेच थांबले. रिकाम्या हातानं गावी जाऊन करायचं काय? कॅम्पात सैन्यभरती जोरात होती. एका दुपारी शिवानं गुळाचा खडा तोंडात टाकता टाकता सांगितलं, "आक्का, आमी पाचजण पलटणीत चाललोय."

आप्पांनी तोंडाशी नेलेला तांब्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते कोट घालून भरतीच्या कचेरीत गेले. तिथं काय झालं ते शिवानंच मला संतापून सांगितलं. आप्पा थेट साहेबापुढं उभे राहिले आणि पाचही जणांच्या खोडी सांगायला लागले. शिवाचा डावा गुडघा अधू. बाळू मीठ फार खातो, पुढं त्याला सूज येणार. गणूला दूध नसलं तर झोप येत नाही. मार्त्याचं पोट नाजूक. राणबा सख्ख्या भावाला तूप देत नाही, तो दुसऱ्याला काय वाचवणार? साहेबानं सुभेदाराकडून सगळं समजून घेतलं आणि पोट धरून हसला. डॉक्टरनं पाचही जण पास केले.

संध्याकाळी शिवानं त्यांना माझ्या दारातच गाठलं. "आप्पा, पोटावर पाय देतायसा आमच्या? सेमीफायनलला बी तुमी तयारी न्हाय म्हणालता. जिंकलो का न्हाय?"

"त्यो खेळ हुता रं," आप्पा म्हणाले. "कुणी अंगावर आलं तर शिट्टी वाजत हुती. तितं शिट्टी कोण वाजवणार?"

शिवा पाठ फिरवून आत गेला. त्याच्या मागं उभा असलेला बाळू मात्र हसला. "मी येतोय परत, आप्पा. फायनल राहिलीया न्हवं."

पोरं गेली. त्यांच्या जागी मिळतील ते गडी उभे करून संघानं फायनल खेळली. किती गोल बसले ते लोकांनी मोजायचंच सोडून दिलं. आप्पा त्या दिवशी मैदानावर आले नाहीत.

खानावळीत मात्र येत राहिले. पाच पाट रिकामे, तरी त्याच बाकावर, त्याच तांब्यातून पाणी पीत. पण माणूस खंगायला लागला. कोट खुंटीला अडकवल्यासारखा दिसू लागला.

"जेवता काय नीट, आप्पा?"

"दहीभाकरी खातो की."

"रोज?"

"रोज."

वयाबरोबर चिकटपणा वाढला असेल असं मला वाटलं. मी जास्त चौकशी केली नाही, मला पन्नास कामं होती.

लढाई संपली. आधी राणबा आणि गणू आले. आप्पांनी बाकावरून उठून दोघांच्या पोटऱ्या चाचपल्या आणि छत्री उचलून ते निघून गेले. त्याच दिवशी ते वाण्याकडून तूप घेऊन जाताना मला दिसले. मला वाटलं, सण असेल त्यांचा. मग मार्त्या आला. शेवटी शिवा काठी टेकत आला. डावाच गुडघा. आप्पांची बोटं त्या गुडघ्यापाशी थांबली आणि मागं आली. मी आत जाऊन गुळाचा खडा आणला.

बाळू आला नाही. उचगावात सरकारी कागद आला, शोध लागत नाही म्हणून. त्याच्या आईनं पुष्कळ दिवस वाट बघितली आणि शेवटी त्याचे दिवस घातले. खासबागेतले बरेच जण त्या तेराव्याला उचगावला गेले. आप्पा गेले नाहीत.

गेल्या थंडीत आप्पांना ताप भरला. तीन दिवस बाक रिकामा दिसला, तशी मी त्यांच्या खोलीवर गेले. त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच भांड्यात, त्यांनीच गाळून ठेवलेल्या पाण्यात पेज करायला घेतली. फळीवर सगळं नीट मांडलेलं. तेल होतं. तूप होतं. गुळाची ढेप होती. शिंक्यावर दूध होतं. मीठ सापडेना.

मी सगळे डबे उघडले. ज्या घरात मीठ नाही असं घर मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आप्पा, मीठ कुठं ठेवलंय?"

"न्हाय."

"संपलं? मग आणायचं न्हाय व्हय? थांबा, घरातनं आणते."

"नको, आक्का. सोडलंय."

रस सोडायचा नेम त्यांच्यात असतो, हे मला ठाऊक होतं. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ, यांतलं एखाददुसरं काही लोक थोडे दिवस सोडतात. मी विचारलं, "किती दिवसांसाठी?"

ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. "पोरं गेली तवा पाच सोडलं हुतं. ज्याचं त्याचं, त्यो परत येईस्तवर. दह्याचं नाव कुणी काढलं नव्हतं, म्हणून दही राहिलं." मग म्हणाले, "आमच्या बस्तीच्या देवळात सांगू नगा. फुटबॉलपायी नेम धरला म्हणल्यावर पंडित हाकलून देतील मला."

मी चुलीकडं वळले आणि पेज ढवळत राहिले. अळणी पेज गिळवत नाही. त्यांनी वाटीभर संपवली, आणि तीही दिवस मावळायच्या आत.

आता ते बरे आहेत. माग पुन्हा चालू झालेत, संघही नव्यानं उभा राहतोय. शिवा काठी आपटून पोरांना शिकवतो. पाचांतले तिघं अजून खेळतात आणि माझ्याकडंच जेवतात. आप्पाही बाकावर असतात. मिठाचं भांडं पूर्वी दाराजवळ असायचं, ते मी हल्ली आत चुलीपाशी ठेवते. वाढताना हेलपाटा पडतो, पण पडू दे.

परवा पंगत बसली होती. मी सहज विचारलं, "काय आप्पा, औंदा कशी हाय तयारी?"

आप्पांनी सगळ्या ताटांवरून एकदा नजर फिरवली.

"कसली तयारी, आक्का?" ते म्हणाले. "गोली अजून आला न्हाय."

मराठीत म्हणाले. मी भाकऱ्या थापायला आत गेले.