बिरू आप्पांना हॉटेल पसंत पडत नाही

बिरू आप्पा हॉटेलात पुढच्या दाराने कधी शिरत नाहीत. आधी वळसा घालून मागे जातात. भांडी कोणत्या पाण्यात विसळतात, सांडपाणी कुठं जातं, आचाऱ्याची नखं कशी आहेत, हे बघून मग पुढे येतात आणि गल्ल्यावरच्या मालकाला निकाल सांगतात. मालकाने तो विचारलेला नसतो. बरोबरची माणसं तोवर बसली असतील तर त्यांनी उठायचं असतं. "आधी बघू, मग बसू," हे त्यांचं वाक्य आमच्या न्हावऱ्यात लहान पोरांनाही पाठ आहे.

आप्पा गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध तपासायला होते. ते काम सुटलं, तपासणी सुटली नाही. भाचीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला मांडवाबाहेर बोलावून श्रीखंडाच्या चक्क्याचा वास घ्यायला लावला. मग व्याह्यांनाही लावला. लग्न पार पडलं, पण व्याही अजून बोलत नाहीत. गावात त्यांना चहाचा आग्रह करणारे दोन-तीनच लोक उरले आहेत आणि तेही आधी पातेलं दाखवतात.

अशा माणसाबरोबर नाटकाच्या आधी जेवायला जायची वेळ माझ्यावर आली ती सुभद्राकाकूंमुळे. काकू म्हणजे आप्पांच्या पत्नी. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्या बचत गटाच्या बायकांबरोबर नाटकात काम करू लागल्या. दौंडला रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये महिलांच्या एकांकिकांची स्पर्धा होती. न्हावऱ्याच्या एकांकिकेत सासऱ्याचं काम काकूंकडे होतं. धोतर आणि फेटा आप्पांचा ठेवणीतला, मिशी विकतची. बायका सकाळीच टेम्पोने गेल्या. निघताना काकूंनी आप्पांना सगळ्यांदेखत बजावलं होतं, "पडदा उघडंल तवा पुढच्या रांगेत दिसा. तुम्ही दिसला न्हाई तर माझं त्वांड उघडायचं न्हाई."

स्पर्धेची बातमी मला पेपरला द्यायची होती. गाडी सलीमभाईंची. सलीमभाई आमचे शेजारी, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. त्यांना मधुमेह आहे आणि जेवणाची वेळ चुकलेली चालत नाही. म्हणून वाटेत जेवून सात वाजता हॉलवर पोचायचं, असं ठरलं. ठरवताना आप्पा गप्प होते. त्यांच्याकडे तेव्हाच बघायला हवं होतं.

चौफुल्याला पहिलं हॉटेल. आम्ही बाहेर थांबलो, आप्पा मागे गेले. हातात कांद्याची एक फोड घेऊन परत आले आणि ती त्यांनी मालकाच्या नाकासमोर धरली. कांदा सकाळी चिरलेला होता, कडेने काळपट पडला होता. मालक म्हणाला, "आजोबा, तुम्ही कांदा खाऊ नका, बाकीचं खा." आप्पा गाडीत जाऊन बसले.

पाटसला दुसरं. तिथे मागच्या बाजूला एकाच टबात ताटंही बुडत होती आणि फरशी पुसायचं फडकंही. हे मीही पाहिलं. तक्रार खरी होती, त्यामुळे वाद घालता आला नाही. सलीमभाईंनी घड्याळ पाहिलं. दौंडचा रस्ता तिथूनच वळतो. आप्पा म्हणाले, दौंडात गर्दी असंल, सरळ कुरकुंभला चला. सलीमभाई म्हणाले, कुरकुंभला गेलो तर दौंडला वळसा पडेल. आप्पा म्हणाले, पडू दे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बचत गटाच्या अध्यक्षबाई बोलत होत्या. चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि न्हावऱ्याचा नंबर पहिला निघाला होता. आप्पा आलेत का, असं काकू दर थोड्या वेळाने पडद्याच्या फटीतून बघत होत्या. "लवकर या," बाई म्हणाल्या. "त्यांनी नुसतं पाणी पिऊन दिवस काढलाय. घास उतरंना म्हणत्यात." मी हे आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. पण सलीमभाईंना जेवल्याशिवाय चालणार नव्हतं; गाडी कुरकुंभलाच गेली.

कुरकुंभचं हॉटेल सलीमभाईंच्या रोजच्या ओळखीचं होतं. शिफ्ट सुटलेली मुलं तिथे जेवतात. आप्पा मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात काही नव्हतं.

"काय झालं?" सलीमभाईंनी विचारलं.

"लई स्वच्छ हाय," आप्पा म्हणाले.

"मग?"

"एवढं स्वच्छ म्हंजी गिऱ्हाईक येत न्हाई. शिळं असंल."

हॉटेलात बसायला जागा नव्हती. दोन टेबलांपाशी माणसं उभ्यानं वाट बघत होती.

आप्पांना मी बरीच वर्षं ओळखतो. त्यांचा निकाल कडक असतो, पण त्याला पुरावा असतो. पुराव्याशिवाय दिलेला हा त्यांचा पहिला निकाल.

सलीमभाईंनी गाडीची किल्ली खिशात टाकली. नुकत्याच रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसले आणि आवाज न चढवता म्हणाले, "आप्पा, माझे हात कापायला लागलेत. मी आता हितंच जेवणार. तुम्हांला जायचं तर ढकलत न्या गाडी."

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः आत जाऊन सलीमभाईंचं आणि माझं ताट सांगितलं, पहिल्यांदा सलीमभाईंना द्या म्हणून बजावलं आणि बाहेर जाऊन गाडीला टेकून उभे राहिले. सलीमभाईंसमोर ताट आलं तसा मी बाहेर गेलो. आप्पा, काय झालंय, एवढंच विचारलं.

त्यांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "तिच्या पोटात सकाळपास्नं अन्न न्हाई. मी कसा बसू ताटावर?"

"मग आधीच सांगायचं. आम्ही दोघं जेवलो असतो."

"काय सांगायचं? बायकू जेवल्याबिगर ह्यो जेवत न्हाई म्हणून? गाव हसंल." ते पुढे म्हणाले, "हॉटेल चांगलं निघालं आसतं तर बसाया लागलं आसतं."

मग न विचारता त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. एका उन्हाळ्यात घरी पाहुणे आले होते. पुरुषांची पंगत उठली. आप्पा पाणी प्यायला आत गेले, तर काकू चुलीपुढं तव्यावरचा जळका पापुद्रा खरवडून खात होत्या. भाकरीची टोपली रिकामी होती. "मी चार भाकरी खाल्ल्या व्हत्या," आप्पा म्हणाले. "वर आनखी अर्धी मागितली व्हती."

जेवल्यावर सलीमभाईंच्या हातांचं कापणं थांबलं. मी उभ्यानेच चार घास खाल्ले. आप्पांनी दोन माणसांचं पिठलं-भाकरी बांधून घेतलं, वेगळी चटणी घेतली आणि गाडीत पुडकं मांडीवर धरून बसले. वास सगळ्या गाडीत पसरला होता.

दौंडात शिरताना रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्याच्या अरुंद मोरीत उसाचा ट्रॅक्टर अडकला होता. पुढे तो, मागे आम्ही, आमच्या मागे सगळं कुरकुंभ. सलीमभाईंनी हॉर्न वाजवला. इतर सगळ्यांनीही वाजवला. हॉलवरून पुन्हा फोन आला. दीपप्रज्वलन झालं होतं, पाहुण्यांचं भाषण चालू होतं. ते किती लांबेल, असं आप्पांनी मला विचारलं. मी म्हणालो, सांगता येत नाही. त्यांनी दार उघडलं, धोतराचा सोगा एका हातात, पुडकं दुसऱ्या हातात, आणि ट्रॅक्टरच्या कडेने अंग चोरत मोरीत शिरले. मी मागे धावलो. सत्तरीच्या माणसाला गाठता गाठता मला धाप लागली.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा दिवे मंद झाले होते. पुढची रांग पाहुण्यांची होती. आप्पांनी एका पाहुण्याला सरकायला सांगितलं. ते सरकले. पडदा उघडला. फेटा, मिशी, हातात काठी. काकूंची नजर पुढच्या रांगेवरून एकदा फिरली, आप्पांवर थांबली, आणि सासऱ्याने काठी आपटून सुनेला असा आवाज दिला की माझ्या शेजारची बाई दचकली.

एकांकिका संपल्यावर आप्पा काकूंना हॉलच्या कडेच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. पुडकं सोडून त्यांच्यापुढं मांडलं आणि स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्यांना आडोसा करून उभे राहिले. काकू मिशीसकट जेवत होत्या. बक्षीस मिळालं तर मिशीतच घ्यायचं, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं होतं. सलीमभाईही गाडी लावून तिथे आले.

न्हावऱ्याचीच चार-पाच माणसं समोरून चालली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, "काय आप्पा, जेवण झालं का?"

"व्हय की," आप्पा म्हणाले. "कवाच."

काकूंनी पुडक्यावरून मान वर केली नाही. भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या, "कुठलं झालंय. माझं झाल्यावर बसत्याल. घरीबी तसंच हाय, ईस वरसं."

माणसं थांबली. कुणी हसलं नाही. आप्पा हॉलच्या भिंतीकडे बघत उभे होते. काकूंनी पुडक्याशेजारची जागा हाताने झाडली आणि सावकाश पुढचा घास घेतला.