खिडकी आणि दोन मोठी मनं

"दावा मागे घेतो, पण एका अटीवर," जगदेवराव शिर्के म्हणाले, "खिडकी उघडीच राहिली पाहिजे!"

"मुळीच नाही!" हेमचंद्र चिटणीस उसळले. "खिडकी मी विटांनी बुजवणार. तुमच्या अंगणाची अब्रू ती माझी अब्रू."

गुजरातेतल्या नागरवाड्यातल्या या दोन मराठी शेजाऱ्यांचा अकरा वर्षांचा दावा नेमका उलटा होता. चिटणिसांनी स्वयंपाकघराला खिडकी पाडली, ती शिर्क्यांच्या अंगणावर उघडते म्हणून जगदेवरावांनी स्टे आणला आणि खिडकीवर पत्रा ठोकला गेला. गेल्या महिन्यात जगदेवरावांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हेमचंद्रांनी त्यांना आपल्या गाडीतून नेलं आणि वैर विरघळलं. पण विरघळावं ते तरी किती! दोघेही खानदानी. समोरच्यापेक्षा कमी सोडणं म्हणजे नामुष्कीच.

हेमचंद्रांच्या पत्नी, रमावहिनी, अकरा वर्षं भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडत होत्या. भांडण होतं तोवर निदान आशा होती. आता मैत्रीपायी खिडकी कायमची जाणार होती.

तारखेला त्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. दोन्ही वकिलांनी समाधानाची पुरसिस, म्हणजे तडजोडीचा कागद, पुढे केला. एक नव्हे, दोन कागद. न्यायाधीशबाई वाचून चक्रावल्या. गुजरातीत म्हणाल्या, "वादी म्हणतो उघडी ठेवा, प्रतिवादी म्हणतो बंद करतो? मग इतकी वर्षं भांडलात कशाला?"

"ते जूनुं थयुं, साहेब! जुनं झालं ते!" दोघे एकदम म्हणाले.

"एकमत करा, नाहीतर पुढची तारीख देते."

"मी बुजवणारच!" हेमचंद्र म्हणाले.

"बघतो कसे बुजवता!" जगदेवराव गरजले. "स्टे आणीन!"

तेवढ्यात रमावहिनी उभ्या राहिल्या. "साहेब, भिंत घालायची तर सही मालकाची लागेल ना? मग माझी लागेल. घर माझ्या नावावर आहे."

त्यांनी पिशवीतून घराचा दस्तऐवज काढला. बाईच्या नावावर नोंदणीची फी माफ होते म्हणून हेमचंद्रांनीच तो तसा केला होता आणि साफ विसरून गेले होते. दोन्ही वकील एकमेकांकडे न बघता आपापली फाइल चाळू लागले.

"म्हणजे दावा तुमच्यावर हवा होता!" न्यायाधीशबाई कुतूहलानं पुढे वाकल्या. "मग आजवर बोलला का नाहीत?"

"समन्स ह्यांच्या नावाचं आलं होतं. दुसऱ्याचं टपाल मी फोडत नाही."

जगदेवरावांनी एकदा वहिनींकडे पाहिलं आणि दावा बिनशर्त मागे घेतला. नवा दावा वहिनींवर लावायची त्यांची छाती नव्हती.

चार वाजता दोघांनी मिळून पत्रा उचकटला. लख्ख ऊन आत आलं. रमावहिनी कौतुकानं स्वयंपाकघर न्याहाळू लागल्या, आणि छतापासून ओट्यापर्यंत अकरा वर्षांची काजळी दिसली. त्यांनी शिडी आणली, दोघांच्या हातात एकेक फडकं दिलं आणि विचारलं, "आता एकमत आहे ना दोघांचं? मग चालो, लागा कामाला."