दोन यजमानांचा भोंगा

एका जंगलात राजा नव्हता, पण भोंगा होता. बिबट्या पाणवठ्याकडे फिरकला की भोंगा बोंबलायचा आणि ससे बिळात पळायचे.

या भोंग्याच्या पोटात एक चिप होती. मुलांनो, चिप म्हणजे बटाट्याची नव्हे, हात खाली करा. ही चिप पट्टीवर सोल्डर करून पक्की बसवलेली. तिला काही नवं शिकवायचं तर बाहेर काढता येत नसे, जागेवरच शिकवावं लागे.

तिला रोजची वीज गजाअप्पा हत्तीच्या बॅटरीतून यायची. शिकवायला यायचा कोल्हा मास्तर, आणि त्याच्या यंत्रातूनही वीज यायची. या दोन विजा एकमेकींच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून दोन्ही तारांवर एकेक डायोड बसवला होता. डायोड म्हणजे एकेरी दार. वीज आत सोडायची, उलटी येऊ द्यायची नाही.

एकदा चितळांनी तक्रार केली. "आमचे ठिपके बघून भोंगा उगाच बोंबलतो. चारचौघांत लाज वाटते."

मास्तरांना बोलावणं गेलं. त्यांनी येताच मीटर लावला.

"अप्पा, तुम्ही देता त्यातलं थोडं हा डायोड ठेवून घेतोय!"

"मी भरल्या सोंडेनं द्यायचं आणि यानं दारात बसून वाटा काढायचा?" अप्पा गरजले.

सभा भरली. डायोड बिचारे मुके. दोघांनाही एकमताने काढून टाकलं. टाळ्या झाल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त गुंजा सशिणीने. तिचा नवरा कापशा लंगडा होता. भोंगा वाजल्यावरसुद्धा तो सगळ्यांत शेवटी बिळात पोचायचा. भोंगा बिघडला तर काय होईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"अप्पा, डायोड नकोत तर नकोत," ती म्हणाली. "पण शिकवणी संपेपर्यंत एकाची तार तरी सोडवा."

"माझ्या भोंग्यानं परक्याच्या विजेवर दिवस काढायचे?"

"आणि मी आणलेली वीज तशीच परत नेऊ?" मास्तरांचंही नाक फुगलं. "थोडी आमची घेऊ द्या की चिपला."

"घेऊ द्या! पण आधी आमची."

"छे छे, बरोबरच होऊन जाऊ द्या."

एवढा आग्रह व्याह्यांच्या पंगतीतही होत नाही. चिपला मात्र कुणी विचारलं नाही.

अप्पांची वीज दांडगी, मास्तरांची बेताची. दांडगी वीज चिपला तुडवत मास्तरांच्या यंत्रात शिरली. धडा निम्म्यावर राहिला आणि भोंग्यातून धुराची बारीक रेघ निघाली.

"धूप लावला वाटतं," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी हात जोडले.

त्याच संध्याकाळी बिबट्या आला. भोंगा गप्प. बाकीचे ससे त्याला पाहून कसेबसे पळाले. कापशाला तेवढ्यात पळणं जमलं नाही.

गुंजा फार रडली. खरं सांगतो, मला त्या जंगलाचा अजून राग येतो.

शोकसभेत चितळांनी आभाराचं भाषण केलं. "मास्तरांनी शिकवल्यापासून भोंगा एकदाही चुकीचा वाजलेला नाही!" अप्पांना आणि मास्तरांना एकाच वेळी हार घातले, म्हणजे मानपानाला कुठे कमी पडायला नको. पहिल्या रांगेत बिबट्या बसला होता. त्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : दारावरचा राखणदार चिमूटभर ठेवून घेत असेल, तर त्याला ताबडतोब हाकला. त्याच्यामागून येणारा सगळंच घेऊन जातो, पण तक्रारीला जागा ठेवत नाही.