चाल ओळखणारे करीमचाचा

करीमचाचांनी आयुष्यभर छापखान्यात अक्षरं जुळवली, पण जुळवलेला मजकूर कधी वाचला नाही. बुलढाण्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यांच्या हातून गेल्या असतील. सख्ख्या भाच्याची पत्रिकाही त्यांनीच जुळवली आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, लग्न कधी आहे? मी पत्रिका पुढे धरली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि म्हणाले, यातला 'ल' झिजलाय, बदलायला पाहिजे.

मी नुकताच मॅट्रिक होऊन तिथे प्रुफं तपासायला लागलो होतो. तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. छापायचे सरकारी नमुने नागपूरहून येत, बाकी काम पत्रिकांचं आणि हस्तपत्रकांचं. छपाई झाली की अक्षरांचे शिशाचे खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणात टाकावे लागत. बाकीच्यांना या कामाचा कंटाळा. चाचा मात्र तेव्हाच रंगात येत. कुठल्या अक्षरामागे कुठलं किती वेळा आलं, याच्या वहीत रेघा मारत, मग प्रत्येक अक्षराचा ढीग करून मोजत, आणि त्यानंतरच खिळे खणात. मालक कपाळाला हात लावायचे, पण चाचांइतकी सफाई दुसऱ्या कोणाच्या हाताला नव्हती.

त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येकाच्या मजकुराला एक चाल असते. लिहिणाऱ्याला ती ठाऊक नसते, म्हणून लपवताही येत नाही. अहो, मजकूर वाचला तरी माणूस कळतोच की, असं मी म्हटलं, की उत्तर ठरलेलं.

"मतलब फसवते बाबू. चाल नाही फसवत."

एकदा म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत एका वकिलांवर शिव्यांचा वर्षाव करणारं निनावी पत्रक आमच्याकडे छापायला आलं. वकीलसाहेब लालबुंद होऊन छापखान्यात आले. हे लिहिलं कोणी, एवढंच त्यांना हवं होतं. चाचा तेव्हा त्याच पत्रकाचे खिळे सोडत बसले होते. त्यांनी वही चाळली, वकीलसाहेबांच्याच जुन्या पत्रकाच्या पानावर बोट ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, की साहेब, ही चाल तर तुमचीच आहे. वकीलसाहेब पाणीसुद्धा न पिता निघून गेले. लोकांची सहानुभूती मिळावी म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला शिव्या दिल्या होत्या, हे पुढे त्यांच्या मुनशीनेच फोडलं. गावाला महिनाभर हसायला विषय झाला.

हे सगळं आज आठवायचं कारण माझी नात. ती पुण्याला जीवशास्त्रात संशोधन करते. परवा सांगत होती, की जिवाच्या पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो आणि त्यावरचा सगळा मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला. अर्थ लागला नाही तरी चालतं. कुठल्या अक्षरामागे कुठलं किती वेळा येतं एवढं मोजलं, तरी एखादा तुकडा कोणत्या जिवाचा हे पुष्कळदा सांगता येतं. मी म्हटलं, अगं, हे आमचे करीमचाचा शिशाच्या खिळ्यांवर करायचे! ती हसली. मग म्हणाली, जंतूंच्या मजकुरात कधी कधी मधेच वेगळ्या चालीचा तुकडा सापडतो, दुसऱ्याच जिवाकडून आलेला. मी विचारलं, मग तो जंतू त्या परक्या तुकड्याचं काय करतो?

"कधी टाकून देतो, आजोबा. कधी ठेवून घेतो, आणि त्याच्याच जोरावर जगतो."

 मला चाचांकडे मुंबईहून येणारी पोस्टकार्डं आठवली.

चाचांचा धाकटा भाऊ याकूब मुंबईला गिरणीत होता. त्याला लिहिता येत नसे. खोलीतलं कोणी ना कोणी त्याचं बोलणं कार्डावर उतरवून द्यायचं, त्यामुळे अक्षर दर वेळी वेगळं. चाचा दर शुक्रवारी गावी देऊळघाटला पायी जाऊन ते कार्ड आपल्या आईला, अम्माला, वाचून दाखवत. अम्माला दिसत नव्हतं, आणि याकूबवर तिचा भारी जीव.

एका दुपारी पाहतो तर चाचा याकूबचं कार्ड खिळ्यांत जुळवत बसलेले. आता घरची कार्डंही मोजायला लागलात का, म्हणून मी थट्टा केली. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मागच्या दोन वर्षांतल्या प्रत्येक कार्डाची नोंद होती. गेल्या पोळ्यापर्यंतच्या पानांवरच्या रेघा एकसारख्या. तिथून पुढे सगळं निराळं, पण निराळं असूनही पुन्हा आपसांत एकसारखं.

"माह्या याकूबची चाल थांबली बाबू," ते म्हणाले.

त्यांनी शहानिशाही केली होती. ईदला गावी आलेल्या याकूबच्या खोलीतल्या सोबत्याला गाठून विचारलं. तो रडायला लागला. याकूब तापाने गेला, त्याचं दफन खोलीतल्यांनीच केलं, आणि म्हातारी हाय खाईल म्हणून कार्डं चालू ठेवायचं ठरवलं. लिहितं कोण, हे चाचांनी विचारलं नाही. ते दर शुक्रवारी देऊळघाटला जात राहिले. अम्मा म्हणायची, आजकाल याकूब लय मायेनं लिहून राह्यला. चाचा हो म्हणायचे. हे ऐकताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात अम्मा गेली. चाचा चौथ्या दिवशी कामावर आले आणि नेहमीच्या जागेवर बसले. त्या दिवशीच्या टपालात मुंबईचं कार्ड होतं. त्यांनी ते जुळवलं, मोजलं, वहीत रेघा मारल्या. आता अम्माच नाही, तर त्या लोकांना थांबा म्हणून कळवायला हवं, असं मी चाचरत म्हणालो.

"लिहलं ना," म्हणत त्यांनी खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. टपालात टाकायचं होतं, आणि प्रुफं तपासणं माझंच काम.

त्यात दोनच ओळी होत्या. 'अम्मा गेली. तुम्ही कोन हा ते मले ठाव नाही, पन तुमची चाल मले आता वळखू येते, लिहत राहा.'

मी एकही अक्षर दुरुस्त केलं नाही.