हिऱ्या-चांद्याची कागदी बाशिंगं

यंदाच्या पोळ्याला आपल्या बैलांच्या कपाळावर जी बाशिंगं चढतील, तशी अख्ख्या वऱ्हाडात कोणी पाहिली नसतील, असं भगवंतरावांनी चावडीवर चारचौघांत सांगून टाकलं. मग ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, "अवं, बाशिंग कसं करतेत, तुले माहीत असंन ना?"

दुर्गाबाई नुकत्याच चुलीपुढून उठून कंबर सरळ करत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या काखेतली लाल, हिरव्या, पिवळ्या कागदांची गुंडाळी पाहिली आणि त्या पुन्हा खाली बसल्या.

दोष एकट्या भगवंतरावांचा नव्हता. थोडा कापसाचाही होता. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस तिकडेच अडकला होता, आणि त्यामुळे इथल्या काळ्या जमिनीत फुटेल त्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. जी माणसं दरवर्षी पोळ्याला गेरू आणि झेंडूवर भागवायची, त्यांना एकाएकी काहीतरी वेगळं करावंसं वाटू लागलं होतं. शेजारच्या खुशालरावांनी तर मुंबईचं घड्याळ आणून गोठ्यात टांगलं होतं. त्यातलं बैलांना काही कळत नव्हतं आणि खुशालरावांनाही नव्हतं. पण त्याचे ठोके भगवंतरावांच्या ओसरीपर्यंत ऐकू येत, आणि प्रत्येक ठोक्याला भगवंतराव थोडे थोडे वाळत.

अशात अमरावतीच्या पेठेत एका व्यापाऱ्याकडे त्यांनी कागदाचं मखर पाहिलं. तिथल्या तिथे त्यांनी पतंगी कागदाच्या दोन गुंडाळ्या विकत घेतल्या. भाव सांगताना दोन म्हणाले, घरी मात्र एकच आली. दुसरीचं काय केलं, हे विचारण्याइतकं बळ दुर्गाबाईंच्या अंगात त्या दिवशी नव्हतं. विचारायला हवं होतं, असं त्यांना पुढे वाटलं.

पोळ्याला वेशीवर बांधलेल्या तोरणाखालून पहिली जोडी महादेवराव पाटलांची निघायची, तो मानच होता. त्यांच्यामागे कोणाची, यावरून दरवर्षी भांडण व्हायचं. यंदा पाटलांनी ठरवून दिलं होतं, की ज्याची जोडी सजून दिसेल ती दुसरी. म्हणजे खुशालराव किंवा भगवंतराव. बाकीचं गाव या स्पर्धेत नव्हतं, फक्त बघायला होतं.

दुर्गाबाईंना पहिल्या-दुसऱ्या नंबराशी घेणं नव्हतं. त्यांना माहेरी जायचं होतं. माहेर अकोल्याच्या वाटेवर, दिवसभराच्या गाडीरस्त्यावर. दोन वर्षं जायचं ठरत होतं आणि दोन वर्षं आडवा कापूस येत होता. पंचमीला जावं तर कपाशीचं निंदण निघायचं, दिवाळीला जावं तर वेचणी.

"बाशिंगं मी करतो," त्या म्हणाल्या. "पन ती तोरनाखालून गेली, का दुसऱ्या दिवशी सकाऊन माह्यासाठी गाडी जुपायची. महालक्ष्म्या बसाच्या आदी मी वापस येतो. मले चार दिवस पायजेत."

"चार दिवस तिथं तुले काय काम हाय?"

"झोपायचं हाय."

भगवंतरावांनी मारुतीच्या देवळाकडे हात करून कबूल केलं, आणि दुर्गाबाईंनी त्याच दिवशी माहेरी निरोप धाडला.

दुर्गाबाई अजमासानं काम करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सुतळी घेऊन आधी बैलांची कपाळं मोजली. चांद्याचं कपाळ हिऱ्यापेक्षा दोन बोटं रुंद निघालं. हिऱ्यानं मोजणीची सुतळी खाल्ली, म्हणून त्याचं कपाळ दोनदा मोजावं लागलं. या गोष्टीतून काही शिकण्यासारखं होतं, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा झाला. आता कागद चिकटवायला खळ हवी. ज्वारीच्या पिठाची खळ वाळली की पापडासारखी सुटून यायची. गव्हाच्या पिठाची पक्की बसली, पण हवा श्रावणातली, तिसऱ्या दिवशी तिला आंबूस वास सुटला आणि मुंग्यांची रांग लागली. फुलं घेऊन येणाऱ्या माळणीनं, तानुबाईनं, दोन उपाय सांगितले. खळीत कडूनिंबाच्या पाल्याचं पाणी घाल, नाहीतर मीठ घाल. दुर्गाबाईंनी दोन्ही करून पाहिले. कागदाचे सारखे दोन तुकडे घेतले, एकाला निंबाची खळ लावली, दुसऱ्याला मिठाची, आणि दोन्ही मुंग्यांच्या वाटेत ठेवले. दोन दिवसांत एकही मुंगी दोन्हींपैकी कशाच्या जवळ आली नाही. पण निंबाच्या पाण्यानं पिवळा कागद शेवाळासारखा दिसू लागला. दुर्गाबाईंनी मीठ पक्कं केलं. सढळ हातानं, शेरभर पिठाला ओंजळभर.

मुंग्यांची परीक्षा झाली होती. बैलांची घ्यायची राहिली.

मिठाची खळ सुकता सुकेना. ढग आले की बाशिंगांना घाम फुटायचा. मग दुर्गाबाई एकेक बाशिंग चुलीवर धरून बसायच्या, एका हातात बाशिंग, दुसऱ्या हातानं भाकरी. अशी सात दिवसांनी दोन बाशिंगं उभी राहिली. दीड हात उंच, मधे लाल सूर्य, कडेनं हिरव्या-पिवळ्या पाकळ्यांच्या तीन ओळी, वर कागदी मोराचा तुरा. भगवंतराव त्यांच्याभोवती तीनदा फिरले आणि म्हणाले, "पाय, मी म्हनलं नोतं?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी रिवाजाप्रमाणे बैलांचे खांदे तुपानं चोळले आणि त्यांच्या कानात आवतन दिलं. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुर्गाबाईंनीच दिलं. हिऱ्यानं कान हलवला.

पोळ्याच्या दिवशी बैल नदीवर धुतले, शिंगं रंगवली, झुली चढवल्या, बाशिंगं बांधली. पुरणपोळीचा घास तोरण झाल्यावर, म्हणून सकाळच्या मूठभर गवतावर जोडी निघाली. वेशीपर्यंत सगळं भगवंतरावांच्या मनासारखं झालं. लोक वळून पाहत होते. खुशालरावांच्या वाघ्या बैलाला नवी रेशमी झूल होती, पण त्याच्या कपाळावर बेगडाचं नेहमीचंच बाशिंग होतं. पाटलांनी दोन्ही जोड्यांकडे पाहिलं आणि भगवंतरावांना आपल्यामागे उभं राहायची खूण केली. खुशालराव शेजारी येऊन उभे राहिले, अगदी चिकटून, की पुन्हा विचार झालाच तर हाताशी असावं.

मारुतीच्या ओट्याशी बायकांमध्ये दुर्गाबाई उभ्या होत्या. पोटात पिठोरीचा उपास, पायांत सात दिवसांचा शीण. तोरण तीस पावलांवर होतं. त्या मनातल्या मनात माहेरची सतरंजी अंथरत होत्या.

पण तोरण तुटण्याआधी म्हणायच्या झडत्या, ती पोळ्याची चढाओढीची गाणी, सुरू झाल्या, आणि यंदा प्रत्येकाला दोन-दोन म्हणायच्या होत्या. ऊन तापलं. बैलांना घाम आला, बाशिंगांनाही आला. मिठाचं पाणी हिऱ्याच्या नाकावरून ओघळलं. हिऱ्यानं जीभ बाहेर काढून ते चाखलं. त्याला पटलं. मग चांद्यानं मान वळवली आणि हिऱ्याच्या कपाळावरचं मोजून दोन बोटं अरुंद बाशिंग चाटायला घेतलं.

भगवंतरावांनी कासरा ओढला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं वाघ्यानं मान लांब केली आणि चांद्याचा लाल सूर्य एका घासात उतरवला. सूर्यामागोमाग मोर गेला. हिऱ्यानं पाकळ्या घेतल्या. पाटलांच्या बैलांनीही मागे वळून पाहिलं, पण त्यांच्या वाट्याला कामट्याच राहिल्या होत्या.

एवढ्यावर निभावलं असतं. पण वाघ्यानं तोंड उघडलं आणि त्यातून लाल फेस गळू लागला.

"रगत!" कोणीतरी ओरडलं.

वाजंत्री थांबली. खुशालरावांनी डोक्याचा पटका काढून बैलाच्या तोंडाशी धरला. तो लाल झाला. खुशालराव पांढरे झाले.

"भगवंता, माह्या वाघ्याले काय चारलं तू?"

"मी चारलं? माहं बाशिंग खाल्लं तुह्या बैलानं, अन् मलेच इचारतं?"

"खाईन म्हनूनच केलं तू ते. इख घातलं त्याच्यात."

वीस जण या बाजूला झाले, वीस त्या. कोणी म्हणालं वैद्य आणा, कोणी म्हणालं भगत आणा. पाटलांनी हात वर केला आणि फर्मावलं, की खरंखोटं झाल्याशिवाय कोणाचाच बैल तोरणाखालून जाणार नाही. पोळा आज इथंच थांबला.

हे शेवटचं वाक्य दुर्गाबाईंच्या कानावर पडलं. माहेरची सतरंजी कोणीतरी गुंडाळत असल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि बायकांमधून वाट काढत त्या थेट पाटलांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"पाटीलबुवा, गव्हाचं पीठ हाय, मीठ हाय अन् कागद हाय. चवथं काईच नाई. कागदाचा रंग कच्चा हाय, तो सुटला."

"कशावरून, बाई?"

हिऱ्याच्या शिंगाला लाल कागदाचा एक तुकडा लोंबत होता. दुर्गाबाईंनी तो तोडला, तोंडात घातला, नीट चावला आणि गिळला. मग पाटलांना जीभ दाखवली. ती वाघ्याच्या जिभेइतकीच लाल होती.

"उपास मोडला," मागून तानुबाई हळहळली.

पाटलांनी सांगितलं, थोडं थांबू. सगळा गाव दुर्गाबाईंकडे टक लावून पाहू लागला, की बाई पडते का राहते. दुर्गाबाईंना तिथं खाली बसायची फार इच्छा होती. आठ दिवसांत पाठ टेकली नव्हती. पण बसलं तर विष ठरणार होतं. त्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात लांब गोठ्यातलं घड्याळ वाजलं. खुशालराव सवयीनं ठोके मोजू लागले आणि मधेच थांबले, कारण वाघ्या पुढे होऊन दुर्गाबाईंचा खळ लागलेला हात मन लावून चाटत होता.

आधी पाटील हसले. मग बाकीच्यांना हसायची परवानगी मिळाली. तोरण तुटलं, बैल निघाले. दुसरी जोडी खुशालरावांची गेली, कारण भगवंतरावांच्या बैलांच्या कपाळावर आता कामट्या आणि सुतळी एवढंच होतं.

संध्याकाळी भगवंतराव ओसरीवर पाठ फिरवून बसले होते. गाडीचं काय, असं दुर्गाबाईंनी विचारलं.

"गाडी कायची? बाशिंगं तर गेली बैलांच्या पोटात."

"वाघ्या तोरनाखालून गेला का नाई?"

"गेला."

"आपला हिऱ्या गेला का नाई?"

"गेला."

"मंग बाशिंगंही गेली. कपायावरच रायली पायजेत, असं तुमी बोलले नोते."

भगवंतरावांनी बराच वेळ मारुतीच्या देवळाकडे पाहिलं. तिकडून काही मदत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. दुर्गाबाई वेस ओलांडायच्या आत झोपल्या. चिखलात चाक रुतलं तेव्हा उठल्या नाहीत, निघालं तेव्हाही उठल्या नाहीत. दिवस मावळता गाडी माहेरच्या दारात थांबली, तेव्हा भावजयीनं, कौशल्यानं, खांद्याला धरून हलवलं.

"दुर्गाताई, उठा वं. केवढ्या वेयची वाट पाहून राहिलो आमी. अन् पान खाल्लं का वाटंनं? ओठ कसे लाल झाले."

दुर्गाबाईंनी पदरानं ओठ पुसले. त्या हातपाय धुऊन आत गेल्या. माजघरात सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर लाल, हिरव्या, पिवळ्या कागदांची एक अख्खी गुंडाळी पसरलेली होती, आणि शेजारी परातीत गव्हाचं पीठ.

"भगवंतभाऊजीनं अमरावतीच्या बजारात ह्यांच्या हाती देल्ला होता ह्यो कागद," कौशल्या कौतुकानं सांगू लागली. "म्हने दुर्गाच्या हातासारखा हात वऱ्हाडात नाई. ती आली म्हंजे महालक्ष्म्याईचं मखर तिच्याच हातानं करून घ्या म्हने. चार दिवस हायेत, निवांत करा."

दुर्गाबाईंनी कागदाकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं. मग दारातून बाहेर पाहिलं. अंगणात गाय बांधलेली होती आणि मान लांब करून आत बघत होती.

"कौशल्या," त्या म्हणाल्या, "घरात कडूनिंबाचा पाला हाय का?"