पंचवीस मैलांच्या आतली आठवण

सन १९५६ च्या श्रावणात, चिंचवडला नव्यानं निघालेल्या तंत्रविद्यालयाच्या वसतिगृहात, भैरूला घराची आठवण येऊ लागली. ती विनापरवाना येत असल्यामुळे त्यानं रीतसर अर्ज केला. चांद्या बैल त्यानं वासरापासून हातानं वाढवला होता. आता तो थकला होता, पुढच्या वर्षीचा पोळा काही पाहणार नव्हता. म्हणून भाद्रपदाच्या अवसेला, भादवी पोळ्याला, दोन दिवस घरी सोडावं, एवढंच मागणं.

अधीक्षक लक्ष्मणरावांनी अर्ज दोनदा वाचला.

"गाव?"

"महाळुंगे."

"म्हणजे अकरा मैल. नियम सातप्रमाणे पंचवीस मैलांच्या आत घराची आठवण येत नाही."

"पर मला येतीया, सायेब."

"ती तुझी खाजगी बाब झाली. न विचारता गेलास तर नाव कमी होईल."

भैरूच्या खोलीतल्या रत्नागिरीच्या मुलाला वर्षाला आठ दिवसांची आठवण मंजूर होती. वडिलांच्या माराच्या धास्तीनं तो ती वापरतच नसे. त्यानं दोन दिवस देऊ केले. "आठवण दुसऱ्याच्या नावावर होत नाही," असा शेरा आला.

शेवटी भैरूची आई ठकुबाई फाटकाशी येऊन उभी राहिली.

"सायेब, तुमच्या कायद्यात घर म्हंजी काय वो?"

"नियम दोन. विद्यार्थ्याची माता राहते ते घर."

"मंग झालं की!" म्हणाली, आणि बोचकं बांधून थेट जुन्नरकडे माहेरी जाऊन राहिली. तिथल्या पाटलाचा रहिवासाचा दाखला आला. शेहेचाळीस मैल! अर्ज एका दिवसात मंजूर. लक्ष्मणरावांनी अभिनंदनही केलं. फक्त सुटीच्या दोन्ही दिवशी तिथल्याच पाटलाची हजेरीची सही आणायची होती.

पोळ्याला मायलेक मामाच्या ओसरीवर पुरणपोळी पुढ्यात घेऊन बसले.

"चांद्याच्या शिंगांस्नी हिंगूळ कोन लावील रं?" ठकुबाईनं डोळ्यांना पदर लावला. भैरूला हुंदका आवरेना. जुन्नरहून महाळुंगे तीस मैलांच्या वर असल्यामुळे ही आठवण मात्र नियमात चोख बसत होती.

चांद्या त्या थंडीतच गेला. परत अर्ज करायचं कारण उरलं नाही, तेव्हा भैरूनं एकच विचारलं, "सायेब, पंचवीस मैल कुनी ठरिवलं?"

"मनानं नाही ठरवले. चांगल्या शिकल्यासवरल्या, नोकरीवाल्या माणसांची पाहणी केली. गाव जितकं जवळ, तितकं जाणं कमी."

भैरूला हे पटलं नाही. पण वाचकहो, तुमचं गाव किती मैलांवर आहे? आणि शेवटचे गेला होतात कधी?