एक बोट खिडकी

शरयूकाकू खिडकी बोटांनी मोजतात. बर्फ वितळून हवा दमट झाली असेल तर दोन बोटं उघडायची, कोरडी थंडी असेल तर एक, आणि गॅसवर काही शिजत असेल तर अख्खा पंजा. अमेरिकेत आमच्या ईडन प्रेरी गावात जानेवारीत बाहेर उणे वीस असतं, तेव्हाही एक बोट ठरलेलं. "एका बोटाने कोणी गोठत नाही. लोक कोंडून मात्र घेतात," असं त्या म्हणतात आणि म्हणता म्हणता समोरच्याच्या खिडकीत स्वतःचं बोट घालून बघतात.

काकू भूलतज्ज्ञ होत्या. मूळच्या अमरावतीच्या. नागपुरात डॉक्टर झाल्या आणि तिशीत एकट्या इकडे आल्या. पुढची पस्तीसेक वर्षं भूल दिलेल्या माणसांच्या उशाशी बसून त्यांचे श्वास मोजण्यात गेली. सर्जन कापून शिवून निघून जातो, माणूस परत येतोय की नाही ते आम्ही बघतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी एक कॅम्पर घेतला, म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. उन्हाळाभर त्या एकट्याच तो ओढत डोंगर-तळी हिंडतात. हिवाळ्यात तो त्यांच्या ड्राइव्हवेवर उभा असतो आणि काकू त्याला 'पेशंट' म्हणतात. काचांवर पाणी धरलं की, "पेशंटला घाम फुटलाय."

इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना जरा वचकून असत. कोणाकडे जेवायला गेल्या की आधी बाथरूममध्ये जाऊन पंखा लावायच्या आणि त्याला टिश्यू पेपर चिकटतो का ते बघायच्या. चिकटला तर पंखा हवा ओढतोय. नाही चिकटला तर यजमानाला जेवताना ते ऐकावं लागे. एका बारशाला बाळाचं नाव ठेवायच्या आधी त्यांनी बाळाच्या खोलीची खिडकी उघडली होती. त्यानंतर त्यांना बोलावणी कमी झाली, असं माझी बायको केतकी म्हणते.

आमची त्यांच्याशी तोंडओळखच होती. गेल्या वर्षी थंडीच्या लाटेत आमच्या टाउनहोममधला पाइप फुटला. मी ऑफिसमधून आलो तर किचनचं सिलिंग ओट्यावर पडलेलं आणि कार्पेटमधून पाणी वाहतंय. दुरुस्तीला दोन महिने लागतील असं कळलं. कोणाकडे राहायचं या विचारात असतानाच काकूंचा फोन आला. ही बातमी त्यांना कोणी सांगितली ते आजवर कळलेलं नाही. चार बेडरूमचं घर रिकामं आहे, उद्याच या, म्हणाल्या.

आम्ही घर बघायला गेलो. चारही बेडरूमच्या खिडक्या एकेक बोट उघड्या होत्या. केतकीने कोट न काढताच चहा प्यायला. आमची पाच वर्षांची ईरा मोठ्याने म्हणाली, "बाबा, इट्स कोल्डर दॅन आउटसाइड." केतकीने सांभाळून घेतलं आणि म्हणाली, तुम्हाला आमची अडचण नको, कॅम्परला हीटर आहेच, आम्ही तिथेच राहिलो तर चालेल का? काकूंना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. पेशंटला सोबत होईल, म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला नियम सांगितले. माणूस म्हणजे चालतीबोलती पाण्याची टाकी. तो झोपेतही श्वासातून पाणी सोडतो, ते थंड काचेवर बसतं, तिथून भिंतीत शिरतं आणि भिंतीत बुरशी धरते. तेव्हा छतावरचं झरोक्याचं झाकण थोडं उघडं आणि समोरची खिडकी एक बोट. ओले बूट गॅरेजमध्ये, ओले कपडे घरातल्या ड्रायरमध्ये. कपाटांची दारं उघडी. आणि प्रेशर कुकरला कॅम्परमध्ये बंदी. कुकर गॅरेजमधल्या इलेक्ट्रिक शेगडीवर लागायचा आणि मी जाड टोपीवाला कोट घालून शिट्ट्या मोजत तिथे उभा राहायचो. आयटीत पंधरा वर्षं काढल्यावर माणूस वरणाच्या तीन शिट्ट्यांसाठी उणे अठरात उभा राहतो, हे मी पुण्याला आईला कधीच सांगितलं नाही.

रोज सकाळी आठला काकूंचा राउंड असे. एका हातात काच पुसायचा रबरी वायपर, दुसऱ्यात हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. आकडा वाढलेला दिसला की त्या ईराकडे वळून विचारायच्या, काल जास्त वेळ आंघोळ कोणी केली? ईरा प्रामाणिक आहे. ती माझ्याकडे बोट दाखवायची.

पहिला आठवडा मी हे सगळं पाळलं. मग थंडी आणखी वाढली. हीटर चालू असूनही झरोक्यातून गार हवा थेट माझ्या मानेवर यायची. मला वाटलं, आपण इंजिनिअर आहोत, ही म्हातारी उगाच हवा बाहेर घालवतेय. मी झरोक्यात एक जुनी उशी कोंबली आणि त्यावर टेप मारला. वर पडदा ओढला, म्हणजे राउंडला दिसू नये. काकू गेल्या की खिडकीही लावून घ्यायचो. विषारी वायू साठला की वाजणारा अलार्म बॅटरी संपत आल्याने टिकटिक करत होता, म्हणून बॅटरी काढून ठेवली, नवी आणायची राहून गेली. काचांवर धारा लागल्या, त्या मी काकू यायच्या आधी पुसून टाकू लागलो आणि यंत्राचा आकडा उतरावा म्हणून थोडा वेळ खिडकी उघडू लागलो. ईराला खोकला झाला, तो शाळेतून आला असेल असं म्हटलं.

एका शनिवारी सकाळी उठलो तर हीटर बंद पडलेला. खिडकी बंदच ठेवून मी स्वयंपाकाच्या गॅसचे दोन्ही बर्नर पेटवले आणि पांघरुणात शिरलो. जरा ऊब आली. डोकं दुखत होतं. केतकीही म्हणाली की तिला गरगरतंय. ईरा उठेचना, तिला झोपू दे म्हटलं.

आठला टकटक झाली. मी दार उघडलं. काकूंनी एकदाच आत बघितलं, मला बाजूला सारलं, गॅस बंद केला आणि दार सताड उघडं टाकलं. मग ईराला पांघरुणासकट उचललं आणि आम्हाला मागून यायला सांगून घरात गेल्या. सोफ्यावर तिला मांडीवर घेऊन बसल्या आणि घड्याळाकडे बघत तिच्या छातीवर हात ठेवला. तोंडाने आकडे मोजत होत्या. सत्तरीची ती बाई बर्फातून सतरा किलोचं पोर उचलून धावत आली होती, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. थोड्या वेळाने ईराने डोळे उघडले, काकूंकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, वन फिंगर ऑर टू?"

काकू म्हणाल्या, "आज सगळ्या खिडक्या, बेटा."

त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमध्ये आम्हा तिघांना ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं आणि दुपारी घरी सोडलं. बंद जागेत बर्नरचा विषारी वायू साठला होता, वेळेत बाहेर काढलं म्हणून निभावलं, असं तिथला डॉक्टर म्हणाला. काकू दिवसभर आमच्याबरोबर होत्या.

परत आल्यावर त्या मला कॅम्परमध्ये घेऊन गेल्या. झरोक्यातली उशी स्वतः ओढून काढली. मग गादी उचलायला लावली. खालची फळी ओली होती आणि ईराच्या बाजूला काळे ठिपके धरले होते.

"काहून बंद केलं रे?" त्या म्हणाल्या. रागावल्या की त्यांचं वऱ्हाडी बाहेर येतं, पण हा राग नव्हता. "थंडी वाजत होती तर मला सांगायचं होतं. मी आठच्या ऐवजी नऊला आली असती तर?"

मी माफी मागितली. इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये कधी भीती वाटली नाही, आज वाटली, एवढंच म्हणाल्या. मग गॅरेजमधून लाकडी पट्ट्या आणल्या आणि आम्ही दोघांनी मिळून त्या गादीखाली बसवल्या, म्हणजे खालून हवा खेळेल. हीटर दुरुस्त झाला, नवा अलार्म लागला. माझ्या मानेवर येणाऱ्या हवेसाठी त्यांनी मला स्वतःचा लोकरीचा मफलर दिला. आठवड्याभरात ईराचा खोकला गेला. त्या दिवसापासून मी खिडकीत स्वतःहून बोट घालून बघतो.

मार्चच्या मध्यावर आमचं घर तयार झालं. आम्ही कॅम्पर घासूनपुसून कोरडा केला आणि किल्ली द्यायला गेलो. केतकी काकूंच्या पाया पडली. काकूंनी किल्ली घेतली नाही. त्या खिडकीतून कॅम्परकडे बघत होत्या.

"एकदम रिकामा करून नाही चालत," त्या म्हणाल्या. "रिकाम्या कॅम्परला ओल धरते. आत माणसं लागतात. त्यांच्या श्वासाने हवा कोरडी राहते."

मी तोंड उघडलं. माणसाच्या श्वासानेच ओल धरते हे दोन महिने रोज सकाळी याच बाईंनी मला शिकवलं होतं. केतकीने माझा हात घट्ट दाबला.

"बरोबर आहे काकू," ती म्हणाली. "रिकामा ठेवायला नकोच. आम्ही शुक्रवारी रात्री झोपायला येत जाऊ का?"

काकूंनी जरा विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाल्या की शनिवारही धरला तर जास्त बरं, एका रात्रीत फरक पडत नाही. आणि स्वयंपाक तिथे करू नका, जेवायला आत या, ईराला भाकरी आवडते का?

आमचं घर तिथून दहा मिनिटांवर आहे. आता दुसरा हिवाळा चालू आहे. दर शुक्रवारी आम्ही उशा आणि ईराची बाहुली गाडीत घालून निघतो. केतकी पिठाचा डबा घेते, कारण काकूंकडचं ज्वारीचं पीठ हल्ली लवकर संपतं. कॅम्परला ओल धरू नये, म्हणून.